आगोटीच्या गोळ्या

आमच्या घरात चांगली वस्तू लगेच वापरायची नाही, असा दंडक होता. दंडक अर्थातच आयेचा. नवी छत्री घरात आली की ती माळ्यावर जायची आणि तीन काड्या मोडलेली जुनी माझ्या डोक्यावर राहायची. सोललेल्या कोळंबीचे चांगले सोडे माळ्यावर आणि फुटकी सुकट ताटात. आंघोळीचा नवा साबण तर मी लहानपणी फक्त कागदात गुंडाळलेला पाहिला आहे. विचारलं की एकच उत्तर, "आता कशाला? पावसात उपेगी पडंल." पावसाआधी घरात जी बेगमी करतात तिला आमच्याकडे आगोट म्हणतात, आणि आयेची आगोट फाल्गुनापासूनच सुरू व्हायची. आमचं घर रत्नागिरीच्या खाडीला लागून, पोट सगळं समुद्रावर. बोटी एकदा वर ओढल्या की नारळीपौर्णिमेपर्यंत हाताला काम नाही आणि बाजारात पाटी घेऊन बसायला मासळी नाही. आये लग्न होऊन आली त्या पहिल्याच पावसात तिच्या सासरी चूल पेटली नव्हती, म्हणे, चार दिवस. तांदूळ होता, पण काड्यापेटी सादळली होती आणि लाकडं ओली. ते चार दिवस ती जन्मभर विसरली नाही आणि आम्हालाही विसरू दिले नाहीत. सादळणं हा तिचा खरा शत्रू. काड्यापेट्या, मीठ, पापड, आमसुलं, सगळं डब्यात, डबा फडक्यात, आणि ते फडकं चुलीच्या बरोबर वर माळ्याला टांगलेलं, म्हणजे धुराची ऊब लागून आतला जिन्नस कोरडा राहतो. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बोंबील वाळत, पडवीत आमसुलं वाळत, आणि त्या दोन वासांच्या मध्ये बसून मी बारावीचा अभ्यास केला.

बाबा तांडेल होते. बोटीवर सात-आठ खलाशी, त्यांचा म्होरक्या तो तांडेल. समुद्रावर त्यांचा आवाज दुसऱ्या बोटीपर्यंत जायचा असं सगळे सांगत, घरात मात्र ते आयेपुढे शब्द काढत नसत. आये साठवायची आणि ते हळूच वापरायचे, असा त्यांचा लपंडाव चाले. माळ्यावरच्या डब्यातले चार सोडे काढून माझ्या ताटात टाकायचे आणि डोळे मिचकावायचे. आयेला दुसऱ्या दिवशी कळायचंच, मग ती खळ्यात उभी राहून आम्हा दोघांचा उद्धार करायची आणि बाबा जाळं शिवता शिवता मान खाली घालून हसायचे. हे हसणं मला आजही लख्ख दिसतं, कारण मी बारावीला होते त्या वर्षीच्या माघात ते बंद पडलं.

कंबर दुखते म्हणाले. जाळं ओढून ओढून कुणाची कंबर दुखत नाही? तेल झालं, शेक झाला, कुठल्याशा पाल्याचा लेप झाला. पाय ओढायला लागले तेव्हा काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, त्यांना मुंबईला घेऊन गेले. काका तिकडे गोदीत होते. महिन्यानं दोघं परत आले ते जीपमध्ये मागे गादी टाकून. बाबांना आत निजवलं, निजवलं म्हणजे बसवलं, कारण पाठ टेकता येत नव्हती, आणि काका आयेला मागच्या मोरीपाशी घेऊन गेले. मी तिथंच भांडी घासत होते. मला कुणी जा म्हणालं नाही, मी असून नसल्यासारखी होते. काका म्हणाले, "वैनी, आतला रोग हाय. हाडांत गेलाय. डॉक्टर बोल्ले, आता घरी न्या." मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "ह्यावर रोगाचा नाव हाय. तांडेलाच्या हाती लागू देव नको. त्याला आपण वात बोल्लोय." आणि गोळ्यांचं पुडकं दिलं. "ह्या लय कडक हायत. महिन्याच्या हायत. गाडीवाल्याबरोबर अजून धाडीन. अशा दुकानात मिळायच्या नायत, जपून ठेव."

जपून ठेव! आमच्या आयेला! बोक्याला दूध जपायला सांगणाऱ्याची एक जात असते, काकांची त्याच्या उलट. ज्या बाईला जपण्यावाचून दुसरं काही येत नव्हतं तिला त्यांनी तेवढंच सांगितलं, आणि द्यायच्या कशा ते सांगायचं राहून गेलं.

मग सुरू झालं ते वात असल्याचं नाटक. अख्ख्या वाडीला खरं काय ते ठाऊक होतं, फक्त बाबांसमोर सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. लोक केळी घेऊन येत, पडवीत टेकत, म्हणत, "वात काय तांडेल, पावसापर्यंत पळायला लागशील," आणि उठून जाताना खळ्याच्या कडेला आयेजवळ डोळे पुसत. पडवीतून खळं दिसत नव्हतं असं थोडंच आहे! बाबा ते सगळं बघत आणि काही विचारत नसत. मला या सगळ्याची इतकी चीड यायची की पाहुणे आले की मी विहिरीवर निघून जायची.

आज मी स्वतः परिचारिका आहे आणि गेली काही वर्षं बऱ्या न होणाऱ्या आजारांच्या माणसांना घरी जाऊन बघणाऱ्या एका लहानशा गटात काम करते. पन्नाशी मागे पडली, गुडघे कुरकुरतात, पण पायऱ्या चढते. गेल्याच महिन्यात मिरजोळ्याला एका घरी गेलो, तर त्या बाईंचा मुलगा, कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर असलेला, आम्हाला गेटवरच अडवून म्हणाला, "सिस्टर, आईला काही बोलू नका हां, तिला आम्ही अशक्तपणा सांगितलाय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. आत गेले तर त्या माउलीनं माझा हात धरून कानात विचारलं, "पोरांना कळलंय का हो? त्यांना सांगू नका, घाबरतील." एवढी वर्षं गेली, रस्ते चौपदरी झाले, आणि आम्ही अजून खळ्याच्या कडेलाच डोळे पुसतोय.

त्या चैत्रात आणि वैशाखात बाबांचं कसं होतं ते सांगते. पडवीच्या कोपऱ्यात जुन्या जाळ्याचा ढीग होता, त्यावर ते पुढे वाकून बसत, समोर स्टूल, स्टुलावर दोन्ही हात आणि हातांवर कपाळ. दिवसभर तसंच. पंचाचं टोक दातात धरलेलं. हलकं वारं लागलं तरी अंग आखडत. आये पेज घेऊन येई, वरची निवळ दोन घोट जाई, पुरे. ज्या माणसाला तिरफळ घातलेला बांगडा दिसला की भात दोनदा लागायचा, तो माणूस वासानंच मान फिरवायचा. आणि आवाज म्हणाल तर नाही. कण्हणंसुद्धा नाही. तांडेल कण्हला तर खलाशांनी काय करायचं, अशी त्यांची समजूत. आये दिवसातून दहा वेळा विचारी, "लय दुखता काय?" आणि ते मान हलवून नाही म्हणत. पंचा दातात असलेला माणूस आणखी काय म्हणणार? मग कधीतरी, दुपारच्या उन्हात, त्यांच्या डोळ्यांतून आपोआप पाणी गळायला लागे, तेव्हा आये आत जाई आणि मुठीतून अर्धी गोळी घेऊन येई. अर्धी! ती पोटात गेली की तासाभरानं खांदे जरा खाली यायचे, तास-दोन तास डोळा लागायचा बसल्या बसल्या, आणि पुन्हा कपाळ हातावर.

"आये, अजून एक दे ना."

"लय कडक हायत गो. तुला काय समजता?"

मला काहीच समजत नव्हतं हे खरं. पण मी शास्त्र शाखेची, इंग्रजी वाचता येणारी, वाडीतली पहिली मुलगी. तो कागद माग, एकदा वाच, एवढंही मला सुचलं नाही. तो कागद म्हणजे रोगाचं नाव, आणि नाव म्हणजे जणू रोगच, असा धाक काकांनी घालून ठेवला होता. त्यात मीही आले. आयेवर मी खूप रागावले आहे आयुष्यात, पण या एका गोष्टीचा हिशोब माझ्याच नावावर आहे.

वैशाख अर्धा सरला तेव्हा मला सहन होईना. आये बाजाराला गेल्यावर शेजारच्या मावशीला बाबांजवळ बसवून मी गावातल्या एका दवाखान्यात गेले. म्हटलं सुई तरी द्या. तिथले डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "आता काय करणार? सेवा करा." सेवा करा! मी काय आरती करायला आले होते? दारात येऊन चप्पल शोधत रडत होते, तेव्हा तिथल्या कदमबाई, केस पांढरे झालेल्या परिचारिका, बाहेर आल्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग एकेक विचारलं. कुठल्या गोळ्या, कुणी दिल्या, किती देता. मी सांगितलं, लय दुखलं की अर्धी. त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुझे वडील बोटीवर ना गो? मग मला सांग, बोटीत पाणी यायला लागलं तर ते कधी उपसतात? बोट भरल्यावर?"

"नाय. येतं तसं उपसत राहायचं."

"मग हे तसंच. दुखायला लागल्यावर द्यायची गोळी नव्हे ही. दुखू नये म्हणून द्यायची. घड्याळ लावून, दर चार तासांनी, दुखो की न दुखो. आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध, नाहीतर त्यांचे हाल होतील. घरी जा, तो कागद काढ. त्यावर लिहिलेलं असणार."

मी धावतच आले म्हणायला हरकत नाही. घरी आये अजून आली नव्हती. गोळ्या कुठे असतील हे शोधायला मला एक क्षण लागला नाही. चुलीशेजारी टेबल ओढलं, वर चढले, आणि माळ्याला टांगलेली आगोटीची फडकी एकेक चाचपली. सोडे. आमसुलं. काड्यापेट्या. चौथ्या फडक्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो उघडला. काकांनी दिलेलं पुडकं आणि नंतर गाडीवाल्याबरोबर आलेलं दुसरं, दोन्ही जवळजवळ भरलेली. आत चार लवंगा टाकलेल्या, पुडक्यांना मेणकागद, वर दोरा. आणि तळाला तो कागद. एका बाजूला इंग्रजीत टंकलेलं. दुसऱ्या बाजूला कुणीतरी भल्या माणसानं, मोठ्या मराठी अक्षरांत, खेड्यातल्या माणसाला कळावं म्हणून मुद्दाम लिहिलेलं, 'दर चार तासांनी एक. दुखत नसले तरी द्यावी. झोपताना दोन. बंद करू नये.' खाली पोटाच्या औषधाचं नाव. माझ्या आयेला वाचता येत नव्हतं. बाबांना येत होतं, पण त्यांच्यापासूनच तर लपवायचा होता.

आये आली ती पाटी डोक्यावर असतानाच मी तिच्या अंगावर गेले. डबा माझ्या हातात होता. तिनं पाटी उतरवली आणि पहिलं काय म्हणाली असेल? "झाकण लाव. वारा लागतो."

"आये, तिथं बाबा दातांनी पंचा फाडतायत आणि तू इथं गोळ्या वाळवतेस?"

"मग काय करू?" तीही उसळली. "आता निदान रस्ता हाय, गाडी हाय. पावसात बोट बंद, घाटात दरड, मुंबयसना कोण आणील? आता एवढा दुखता, तर पावसाच्या गारठ्यात हाडा फुटतील त्येंची. तवा डबा रिकामा असला तर मी त्येंच्या तोंडाकडं कशी बगू? तूच सांग. तवा त्येंना काय देव?"

तिचा श्वास लागला होता. हातांना बाजारातल्या बर्फाचा आणि मासळीचा वास. आज मला कळतं की ती बाई रोज त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून, स्वतःच्या काळजावर दगड ठेवून, त्याच माणसासाठी पुढचे चार महिने वाचवत होती. तेव्हा मला फक्त डबा दिसत होता. मी ओरडले, "पावसापर्यंत बाबा राहणार नायत! कुणासाठी ठेवतेस?"

जे दोन महिने घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते मी खळ्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले होते. स्वयंपाकघर आणि पडवी यांच्यामध्ये कुडाची भिंत, तीही अर्धी. आयेनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता जमीन फाटावी. मग जाळ्याचा ढीग खसखसला आणि बाबा म्हणाले, "अगो."

आये दारात गेली. मी तिच्या मागे.

त्यांनी कपाळ हातावरून उचललं होतं. पंचा मांडीवर. "पोर बरोबर बोलते. मला ठाव हाय कवापासना. मुंबयच्या डॉक्टरनं सांगण्याआधीपासना ठाव हाय." दम घेतला. "तू माजी आगोट भरू नको गो. मी नाय पावसाला. आण ती गोळी."

आये तशीच उभी राहिली. मीच पाणी आणलं. एक अख्खी गोळी, कागदावर लिहिल्याप्रमाणे.

दोन दिवस आम्हाला घड्याळाकडे बघावं लागलं, नंतर गोळ्या द्यायचं काम आयेनंच हातात घेतलं, आणि तिला घड्याळ नको होतं. सकाळी सहाची पहिली एसटी, दहाला बर्फाच्या कारखान्याचा भोंगा, दुपारी दोनला मोहल्ल्यातली नमाज सुटून माणसं रस्त्यावर आली की थोड्या वेळानं, मग दिवेलागण, आणि झोपताना दोन. भोंगा वाजायच्या आधी ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी असे. जपण्यात जी करडी होती ती देण्यातही तशीच करडी झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून आले तर बाबा ढिगावर नव्हते. बघते तर चटईवर उताणे, पाय लांब करून, तोंड उघडं टाकून घोरत होते. आये त्यांच्या उशाशी बसून माश्या वारत होती. दोन महिन्यांनी पाठ जमिनीला टेकली होती. मला म्हणाली, "हळू चाल."

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या घरात बाबा होते. त्याआधी नुसतं दुखणं होतं. त्यांनी तिरफळ घातलेला बांगडा मागितला, खाल्ला चार घासच, पण काटा काढून माझ्याही तोंडात घातला. खलाशांना बोलावून कोणत्या जाळ्याचा कुठला पदर कमकुवत आहे ते सांगितलं. पोट साफ होत नाही म्हणून कदमबाईंच्या औषधाला शिव्या घातल्या. केळी घेऊन आलेल्या माणसानं वाताचं काढलं तर म्हणाले, "वात नाय रे, मी चाललोय. जरा बस, आपण लहान होतो तवाचा काय तरी बोल." तो माणूस रडायला लागला आणि बाबाच त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दुपारी आये त्यांच्याशी काहीबाही बोले. काय, ते मला माहीत नाही, मी मुद्दाम लांब असे. हसण्याचा आवाज मात्र दोनदा ऐकला, आणि दुसऱ्यांदा तो आयेचा होता.

एका दुपारी, भोंगा आणि नमाज यांच्या मधल्या वेळात, ते झोपेतच गेले. बोटी अजून पाण्यात होत्या.

लोक म्हणाले, सुटले, शांत गेले. मला त्या शांत शब्दाचा राग येतो. तीन आठवडे शांत होते, हे खरं. पण त्याच डब्यातल्या गोळ्यांवर त्यांना त्याआधीचे दोन महिनेही पाठ टेकून झोपता आलं असतं. दोन महिने बांगडा गोड लागला असता, दोन महिने ते हसले असते. ते महिने कुणी नेले? ना रोगानं, ना पावसानं. एका लपवलेल्या कागदानं नेले, आणि तो कागद ज्यांनी लपवला त्या आम्ही सगळ्यांनी प्रेमापोटीच लपवला होता. म्हणून आता कुठल्याही घरी गेले की रोग्याची नाडी बघायच्या आधी मी विचारते, गोळ्या कुठे ठेवल्यात, आणा बघू. देव्हाऱ्यामागून येतात, तांदळाच्या पिंपातून येतात, गुहागरकडच्या एका घरी तर मुलीच्या लग्नाच्या शालूच्या घडीतून आल्या. मी ओरडते. आमच्या गटातली पोरं म्हणतात, बाई, जरा सबुरीनं. माझ्याकडे सबुरी नाही. ती त्या वैशाखात संपली.

त्या पावसात आयेनं एकदाही माळ्याकडे पाहिलं नाही. जे काही शिजलं ते मी शिजवलं. पुढच्या वर्षी फाल्गुनात मी नर्सिंगच्या वसतिगृहातून सुट्टीला घरी आले, तेव्हा ती नेहमीसारखी आगोटीची तयारी करत खळ्यात बसली होती. जुने डबे खाली काढून, पुसून, उन्हात ठेवले होते. शेवटी तिनं तो बिस्किटांचा डबा उचलला. उरलेल्या गोळ्या परत करायच्या असतात हे मला तोपर्यंत शिकवलं गेलं होतं, आणि ते सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं झाकण काढलं, दोरा सोडला, मेणकागद उलगडला. एक गोळी दोन बोटांत धरून उन्हात तिनं बराच वेळ बघितली. मग सगळा डबा मांडीवर घेतला, माझ्याकडे न बघता त्यात हात घातला, आणि म्हणाली, "बग गो. एकपण सादळली नाय."